प्रश्न उद्भवत नाही

आमच्या घरात दूध सांडलं तरी त्याची चौकशी विधानसभेच्या नमुन्यात होते. टेबलाखाली पांढरं तळं दिसलं की मी सहा वर्षांच्या नातीला विचारतो, "दूध सांडले, हे खरे आहे काय?" ती आधी तळ्याकडे बघते, मग माझ्याकडे, आणि म्हणते, "पार्टली ट्रू, आजोबा." हे उत्तर तिला मीच शिकवलं. सरकारी भाषेत त्याला 'अंशतः खरे आहे' म्हणतात, आणि त्याच्या आड काय वाट्टेल ते लपवता येतं.

नागपूरला आरोग्य खात्याच्या कचेरीत मी सगळी नोकरी काढली ती प्रश्नोत्तरांच्या टेबलावर. हिवाळी अधिवेशन आलं की विरोधी आमदारांचे प्रश्न वरून खाली येत, आणि खाली म्हणजे माझ्यापर्यंत. प्रश्नाचा साचा ठरलेला. एक, अमुक झाले, हे खरे आहे काय. दोन, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. तीन, नसल्यास, विलंबाची कारणे काय. उत्तराचाही साचा ठरलेला. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असं लिहायला कागदोपत्री आधार सापडला, की उरलेल्या दोन्ही भागांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' लिहायचं आणि चहाला जायचं. मंत्री सभागृहात माझी वाक्यं वाचून दाखवत, आणि मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत फाइल मांडीवर घेऊन बसलेला असे. कुणी आडवा उपप्रश्न टाकला की माझी चिठ्ठी पुढे. ताकास तूर लागू द्यायची नाही, हेच माझं काम, आणि मी त्यात तरबेज होतो.

असा माणूस उतारवयात अमेरिकेत येऊन पडला. आमची मुलगी एकुलती एक. नवऱ्यापासून वेगळी झाली, तो तिकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला निघून गेला, आणि ही ईस्ट कोस्टवरच्या या लहानशा गावात पदरात दोन वर्षांची पोर घेऊन एकटी राहिली. हॉस्पिटलमधली नोकरी, बारा-बारा तासांच्या ड्यूट्या. तिनं आमचं ग्रीन कार्ड केलं, आम्ही नागपूरचा फ्लॅट विकला आणि आलो. त्याला आता चार वर्षं होत आली.

आल्यावर वर्षाभरातच हिचा संधिवात उफाळला. हिचा म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा. बोटं अशी आखडली की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. कुणी बघितलं की कप खाली ठेवायची, इतकी मानी. मग इथल्या डॉक्टरांनी एक औषध सुरू केलं. दर सहा आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन खुर्चीत दोन तास बसायचं, शिरेतून ते औषध जातं. चौथ्या खेपेनंतर एका सकाळी मी स्वयंपाकघरात आलो तर ही नातीच्या दोन वेण्या घालत होती. रिबिनीची गाठसुद्धा स्वतः मारली. मी डोळे पुसायला परत खोलीत गेलो.

हे सगळं चालत होतं ते राज्य सरकारच्या विमा योजनेवर. म्हाताऱ्यांचा इथला मोठा सरकारी विमा आम्हाला पाच वर्षं झाल्याशिवाय मिळणार नव्हता. तोवर ही राज्याची योजना, आणि ती नसेल तर ते औषध लेकीच्या पगारात बसणारं नव्हतं. मे महिन्यात पत्र आलं. 'आपल्या पात्रतेचा फेरविचार सुरू आहे. जूनअखेरीनंतर आपले विमासंरक्षण समाप्त होऊ शकते.' मी ते तीनदा वाचलं. फेरविचार कोण करतंय, समाप्त कोण करणार, काही पत्ता नाही. असली वाक्यं मी जन्मभर लिहिली, पण ती टपालानं घरी आल्यावर कशी लागतात ते मला पहिल्यांदा कळलं.

हेल्पलाइनवर फोन केला. पाऊण तास संगीत ऐकवून एक गोड आवाजाची बाई म्हणाली, तुम्हाला आलेल्या पत्रात जे लिहिलंय तेच माझ्या स्क्रीनवर आहे. दुसऱ्या दिवशी दुसरी बाई, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी मी फोन आपटला, तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "कायले स्वतःला त्रास करून राहिले तुम्ही? नाही झालं तर परत जायचं. तिथं बहीण आहे माझी, तिथंही डॉक्टर आहेत."

"आणि इथं पोरीचं काय? नातीला शाळेच्या बसवरून कोण आणणार?"

"होईल काहीतरी," असं म्हणून तिनं विषय मिटवला. दोन दिवसांनी कपाटात माझा कोट शोधताना मला निळी बॅग दिसली. भरलेली, चेन लावलेली. मी बघितलंच नाही असं करून दार लोटून दिलं.

त्याच आठवड्यात लेक म्हणाली, "बाबा, सॅटर्डेला हायस्कूलमध्ये गव्हर्नर येतायत. ऑपोझिशनचे दोन लेजिस्लेटर्स त्यांना क्वेश्चन्स विचारणार आहेत, ट्रेडवर आणि हेल्थकेअरवर. मग पब्लिकचे क्वेश्चन्स घेणार. तुम्ही जाऊन इन्शुरन्सचं विचारा ना."

मी उडवून लावलं. म्हटलं, राज्यपालांना काय विचारायचं? राज्यपाल अभिभाषण वाचतात, फिती कापतात. त्यांना विम्याचं विचारणं म्हणजे लग्नात फोटोग्राफरला जेवणाचं विचारण्यासारखं आहे. असे दोन दिवस मी ऐटीत काढले. शुक्रवारी लेकीनं डबा भरता भरता कपाळावर हात मारला. "बाबा, इथला गव्हर्नर म्हणजे तुमचा चीफ मिनिस्टर. सगळ्या सह्या तोच करतो. तुम्ही राज्यपाल समजत होतात?" मी म्हणालो, अंशतः खरे आहे. ओट्याशी ही पाठमोरी हसली ते तिच्या खांद्यांवरून कळलं. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

शनिवारी सकाळी मी अधिवेशनाला घालायचो तो करडा कोट चढवला आणि पायी निघालो. शाळा वीस मिनिटांवर. दारातच एका टेबलावर कोरी कार्डं आणि पेन्सिली ठेवल्या होत्या. एका कार्डावर एकच प्रश्न, थोडक्यात, आणि नाव लिहायची गरज नाही, अशी पाटी. लोक उभ्याउभ्या खरडत होते. माझ्या शेजारच्या माणसानं कार्डाच्या दोन्ही बाजू भरून टाकल्या. मी मनात म्हटलं, झालं, याला भाषण मिळणार, उत्तर मिळणार नाही. लांब प्रश्नाला उत्तर देणाऱ्याची चांदी असते. त्यातलं सोयीचं एक वाक्य उचलायचं आणि तेवढ्यावर बोलायचं.

मी खुर्चीत बसून कार्ड मांडीवर घेतलं. जन्मभर दुसऱ्यांच्या प्रश्नांतल्या फटी शोधल्या, आता बिनफटीचा प्रश्न लिहायचा होता. मी साध्या इंग्रजीत आमचाच साचा उतरवला. एक, पाच वर्षं पूर्ण न झालेल्या ग्रीन कार्डवाल्यांना विमा बंद होण्याची पत्रं गेली आहेत, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांच्याबाबत जूननंतर काय करायचे याचा कोणता निर्णय झाला आहे? तीन, निर्णय झाला नसल्यास, विलंबाची कारणे काय? कार्ड दिलं आणि पुढून तिसऱ्या रांगेत जागा धरली.

व्यासपीठावर मधोमध गव्हर्नर, उंच, बाह्या दुमडलेला माणूस. त्यांच्या समोरच्या टेबलाशी विरोधी पक्षाचे दोघे, एक बाई आणि एक पुरुष. सूत्रसंचालनाला गावच्या लायब्ररीतून निवृत्त झालेल्या बाई. आणि गव्हर्नरांच्या मागे, जरा अंधारात, एका साध्या खुर्चीवर साठीकडे झुकलेला एक गृहस्थ. चष्मा नाकावर उतरलेला, मांडीवर जाड फाइल, फाइलला रंगीत कागदाच्या खुणा. मला जरा गंमतच वाटली. सात समुद्र ओलांडून आलो तर माझ्याआधी मीच इथं येऊन बसलो होतो.

पहिला विषय व्यापाराचा. विरोधी बाईंनी विचारलं, आयात मालावरच्या करामुळे गावातल्या सायकलींच्या सुट्या भागांच्या कारखान्याला पोलाद महाग पडतंय, भारतातून येणारी साधी औषधंही महागतील अशी भीती आहे, सरकार काय करतंय? गव्हर्नर म्हणाले, मला तुमच्याइतकीच काळजी आहे, पण आयातीवरचे कर वॉशिंग्टन ठरवतं. मी गालात हसलो. 'सदर बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे.' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की कधीकधी झोपेतही बोलायचो, म्हणते ही. बाईंनी पुन्हा विचारलं, गव्हर्नरांनी पुन्हा वॉशिंग्टन दाखवलं. त्यातही खोटं काही नव्हतं, हीच तर त्या वाक्याची खुबी.

हसू लवकरच मावळलं. पाऊण तास झाला तरी व्यापारच चालला होता. कार्यक्रम दीड तासाचा. आमच्याकडे प्रश्नोत्तरांचा तास संपला की उरलेले प्रश्न गेलेच. आम्ही मुद्दाम पहिल्या उत्तरांना पाणी घालून वाढवायचो, म्हणजे अडचणीचा प्रश्न तासात येतच नसे. माझं कार्ड त्या गठ्ठ्यात कुठं असेल कोण जाणे. मी घड्याळ बघत होतो आणि डोळ्यांसमोर ती निळी बॅग येत होती.

मग आरोग्याचा विषय निघाला आणि विरोधी गृहस्थ उभे राहिले. माणूस तळमळीचा असावा, पण प्रश्न विचारायचा सोडून भाषण देऊन राहिला होता. आकडे, आठवणी, स्वतःची आई, मागच्या निवडणुकीतली वचनं. अरे बाबा, खरे आहे काय एवढंच विचार ना. गव्हर्नरांनी त्यातलं आईचं वाक्य उचललं, तिच्या प्रकृतीची चौकशी केली, आणि सरकार सर्व पर्याय तपासत आहे असं सांगून पाणी प्यायले. 'बाब विचाराधीन आहे.' मला राग आला. गव्हर्नरांचा नव्हे, माझाच.

कारण मला एक गाव आठवलं. तिथल्या आरोग्य केंद्रात डॉक्टरचं पद रिक्त आहे, हे खरे आहे काय, असा प्रश्न एका अधिवेशनात आला होता. पद भरलेलं होतं, फक्त डॉक्टरांना दोन वर्षांपासून शहरात दुसऱ्या कामावर ठेवलं होतं. मी लिहिलं, 'हे खरे नाही.' पुढे दोनदा, 'प्रश्न उद्भवत नाही.' वरिष्ठांनी उत्तराची तारीफ केली. महिन्याभरानं लसीच्या गाडीबरोबर मला त्याच गावी जावं लागलं. केंद्राला कुलूप होतं आणि पायरीवर एक बाई सुजलेला हात फडक्यात बांधून बसली होती. माझा कोट बघून ती उठली आणि म्हणाली, "डॉक्टर साहेब आले काय?" मी नाही म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो. ही गोष्ट मी हिलाही सांगितलेली नाही. त्या हॉलमध्ये बसून मला वाटलं, आता आपल्याला कुणी 'विचाराधीन' म्हटलं तर तक्रार करायला आपल्याला तोंड नाही. लाज वाटली, स्वच्छ लाज.

शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा लायब्ररीच्या बाईंनी गठ्ठा हातात घेतला. दोन कार्डं झाली. तिसरं उचललं, चष्मा सावरला आणि म्हणाल्या, "हे नंबर घालून लिहिलंय." हॉलमध्ये थोडं हसू. त्यांनी वाचायला सुरुवात केली. हे खरे आहे काय. असल्यास. नसल्यास. वाचून संपलं तेव्हा कुणी हसत नव्हतं. विरोधी गृहस्थ खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "मला हेच विचारायचं होतं. उत्तर याच क्रमानं मिळावं अशी माझी विनंती आहे."

गव्हर्नरांनी मागे वळून बघितलं. आता चिठ्ठी येणार, मला तिच्यावरचा मजकूरसुद्धा माहीत होता. त्या चष्मेवाल्यानं फाइल उघडली, एक पान बघितलं, फाइल मिटली आणि चिठ्ठी न देता नुसती होकारार्थी मान हलवली.

"एक," गव्हर्नर म्हणाले, "होय, हे खरं आहे. दोन, परवा मी आदेशावर सही केली आहे. ज्यांचे उपचार आज चालू आहेत त्यांचा विमा त्यांची पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत चालू राहील. तीन, पत्रं आधी गेली आणि निर्णय नंतर झाला. ते उलट व्हायला हवं होतं. चूक आमची आहे. नवीन पत्रं या आठवड्यात मिळतील."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर समजलं. लोक टाळ्या वाजवत होते, मी वाजवल्या की नाही आठवत नाही. 'होय, हे खरं आहे.' पुढे पण नाही, तथापि नाही, अंशतः नाही. सगळ्या नोकरीत असं उत्तर मी एकदाही लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं, हे मला इतक्या उशिरा कळलं.

पण सवय जात नाही. सभागृहात दिलेलं आश्वासन आणि हातात आलेला कागद यांतलं अंतर मला ठाऊक आहे. गर्दी ओसरल्यावर मी त्या चष्मेवाल्याजवळ गेलो. काही बोलायच्या आत त्यानं माझ्याकडे, माझ्या करड्या कोटाकडे बघून विचारलं, "ते नंबरवालं कार्ड तुमचं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"जन्मभर उत्तरं लिहिणाराच असा प्रश्न लिहू शकतो," तो म्हणाला. "कोणतं खातं?"

"आरोग्य. तुमचं?"

"सध्या तेच." आम्ही दोघंही हसलो. मी म्हटलं, तुम्ही चिठ्ठी दिली नाहीत. तो म्हणाला, तयार होती; आदेश सोमवारी जाहीर करायचा होता, तोवर 'विचाराधीन'. पण त्या प्रश्नात ती बसेना. मग मी सकाळी जादा उचलून खिशात ठेवलेल्या कोऱ्या कार्डावर त्यानं आदेशाचा क्रमांक लिहून दिला. मी हात पुढे केला आणि त्यानं तो दोन्ही हातांत घेतला.

घरी येऊन मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. लेकीला ड्यूटीवर फोन केला, तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ही मात्र "बरं झालं" एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला बसली. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. एवढी लढाई मारून आलो, आणि बरं झालं? पण मग लक्षात आलं, तीही माझ्यासारखीच कागदाची वाट बघतेय.

कागद बुधवारी आला. आपले विमासंरक्षण सुरू राहील, खाली सही, वर तोच आदेश क्रमांक. हिनं पत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, घडी घातली आणि देवापुढे ठेवलं. म्हणाली, "आता ती बॅग काढा कपाटातून. रिकामी करून ठेवू."

म्हणजे मी बॅग बघितलीय हे तिला माहीत होतं. मी बॅग पलंगावर ठेवून चेन उघडली. तिच्या पाच साड्या, तिचे गाऊन, तिचा स्वेटर, तिच्या गोळ्यांचा डबा, नातीचा शाळेतला एक फोटो. मी तळापर्यंत हात घातला. मग बाजूचा कप्पा उघडला. त्यात तिचा एकटीचा पासपोर्ट.

"यात माझे कपडे कुठं आहेत?" मी विचारलं.

ती साड्यांच्या घड्या मोजल्यासारख्या एकेक उचलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "प्रश्न उद्भवत नाही."

मला कळायला एक क्षण लागला. 'परत जायचं,' ती म्हणाली होती. कुणी जायचं, ते म्हणाली नव्हती. मी जन्मभर कर्ता नसलेली वाक्यं लिहिली, आणि घरातलं तसलं एक वाक्य मला वाचता आलं नाही. पोरीला आणि नातीला माझ्या भरवशावर ठेवून ती एकटी निघणार होती, आखडलेली बोटं घेऊन, आणि इतके दिवस माझ्यासमोर बसून शांतपणे जेवत होती.

"मला विचारणार नव्हतीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही मधला मार्ग काढत बसले असते. तुमच्यानं हो की नाही कुठं होते?" असं म्हणून तिनं वर बघितलं, आणि माझा चेहरा बघून हातातली साडी खाली ठेवली. "आता कायले रडून राहिले? झालं ना सगळं नीट."

"एकटी जाणार होतीस, हे खरे आहे काय?" मी विचारलं.

"होय," ती म्हणाली. "हे खरं आहे."

मग आम्ही दोघं पलंगावर बसलो, मध्ये ती रिकामी बॅग. मी तिचा हात हातात घेतला आणि एकेक बोट वाकवून बघितलं. पाचही वाकत होती. त्या पायरीवरच्या बाईची गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली, पहिल्यापासून, काही न गाळता. तिनं सगळी ऐकून घेतली आणि बराच वेळ हात सोडवला नाही. चार वाजले तेव्हा बाहेर शाळेच्या बसचा हॉर्न वाजला, आणि आम्ही दोघंही नातीला आणायला खाली गेलो.